आढ्याचा आवाज

माझ्या कपाळावर एक लांब भेग आहे. गळ्याभोवती लोखंडी कडे आहे. दांडा मूळचा नाही. तो किती वेळा बदलला हे आता मलाही सांगता येणार नाही. मित्रांनो, मी एक जुना लाकडी हातोडा आहे. तुमच्या घरी खिळे ठोकायला असतो त्याच्यापेक्षा मी कितीतरी मोठा. मला उचलायला दोन हात लागतात, आणि नवख्या माणसाने दिवसभर मला चालवले तर दुसऱ्या दिवशी त्याला डोक्यावरची टोपीसुद्धा काढवत नाही.

ज्या कारखान्यात माझे आयुष्य गेले, तिथे ओंडक्यांची घरे तयार होतात. अख्ख्या, गोल ओंडक्यांची. एकावर एक ओंडके रचून भिंती उठतात, कोपऱ्यांत खाच खाचेत बसते, आणि सगळ्यात वर चढते ते आढे. आढे म्हणजे छपराच्या मधोमध, उंचावर आडवा असलेला लांबलचक ओंडका. सगळे वासे त्याच्यावर टेकतात. मी तुम्हाला सांगणार आहे ती गोष्ट एका आढ्याचीच आहे. पण आधी माझी ओळख तर होऊ द्या.

एका शेताच्या कडेला अक्रोडाचे एक म्हातारे झाड वठून गेले होते. शेतकऱ्याने ते जळणासाठी तोडले. बाकी सगळे फोडून झाले, पण बुंध्याजवळची एक गाठ काही केल्या फुटेना. कुऱ्हाडीची धार गेली, शेतकऱ्याचा धीरही गेला. त्या वेळी एक तरुण सुतार रस्त्याने चालला होता. त्याने ती गाठ मागून घेतली, खांद्यावर टाकून घरी नेली आणि बरेच दिवस नुसती बघत बसला. मग तिला गोल केले, दोन्ही तोंडे सपाट केली, मधोमध भोक पाडले आणि अख्खी थंडी जवसाच्या तेलात बुडवून ठेवले. त्या तेलातून बाहेर निघालो तो मी. जे लाकूड कुऱ्हाडीला फुटले नाही ते घावालाही फुटणार नाही, एवढा त्याचा साधा हिशेब होता.

तो सुतार म्हणजे आमचे आबा. पुढे त्यांनीच हा कारखाना उभा केला. ते मालक होते, मुख्य मिस्त्री होते आणि सकाळी सगळ्यांत आधी येऊन अंगण झाडणारेही तेच होते. त्यांचा एक नियम होता. ओंडक्याला लोखंडी घणाने कुणी हात लावायचा नाही. "लाकडाला लाकडानंच समजवायचं," असे ते म्हणत. म्हणून ओंडका जागेवर बसवायची वेळ आली की माझ्या नावाचा पुकारा होई.

मित्रांनो, तयार घर सगळेच बघतात. खिडक्या बघतात, व्हरांडा बघतात, चूल कुठे मांडायची ते ठरवतात. आमच्या अंगणात काय चालते ते फार थोड्यांनी पाहिले आहे. पाइनचे ओंडके ट्रकमधून येतात तेव्हा त्यांच्या अंगावर जंगल असते: शेवाळ, मुंग्या, कोळ्याची जाळी, कधी पक्ष्याचे रिकामे घरटे. मग त्यांची साल सोलतात. साल उतरली की आतला ओंडका इतका ओला, पिवळसर आणि चकचकीत निघतो की बघतच राहावे. सगळ्या अंगणाला राळेचा वास येतो. त्यानंतर ओंडके सावलीत रचून महिनोन् महिने वाळत ठेवतात. वाळताना ते तडतडतात, कुरकुरतात. पहिल्यांदा ऐकणारा माणूस दचकून मागे बघतो.

आणि त्यापुढची गोष्ट तर मला इतकी वर्षे बघूनही नवलाची वाटते. आमच्याकडे प्रत्येक घर दोनदा बांधले जाते. आधी ते आमच्या अंगणात पायापासून आढ्यापर्यंत पूर्ण उभे राहते. मग प्रत्येक ओंडक्यावर खूण करतात आणि ते घर पुन्हा वरून खाली सुटे करतात. काल जिथे दार होते, खोल्या होत्या, पायऱ्या होत्या, तिथे आज नुसती दगडी चौकट आणि भुसा. घर ट्रकवर चढून निघून जाते आणि दुसऱ्याच कुठल्या तरी डोंगरावर, दुसऱ्याच कुठल्या तरी पाण्याकाठी जसेच्या तसे उभे राहते. एवढे मोठे घर माणसे अशी हातातून हातात देतात, हे आठवले की आजही माझ्या लाकडातून शहारा जातो.

या सगळ्यात अवघड काम आबांच्या लेकीचे असे. तिला सगळे ताई म्हणत, आबासुद्धा. ओंडका कधी सरळ नसतो. त्याला पोट असते, खळगे असतात, कुठे फांदीची गाठ असते. खालच्या ओंडक्याचे ते सगळे उंचसखलपण वरच्या ओंडक्यावर जसेच्या तसे उतरवायचे, म्हणजे दोघे मिठी मारल्यासारखे बसतात. ताई मोठ्या कंपासने ती रेघ मारत जाई. रेघ मारताना ती श्वास सोडत नसे, आणि तिच्याबरोबर आम्ही बाकीचेही सोडत नसू.

त्या रेघेवर मशीनची करवत चालवायचा तो पैलवान. खरे नाव त्याचे त्यालाच ठाऊक. दारातून आत येताना त्याला तिरके व्हावे लागे. मात्र सालींच्या ढिगातून एखादे उंदराचे पिल्लू निघाले की हा गडी टुणकन ओंडक्यावर चढून बसे आणि कुणीतरी ते पिल्लू लांब नेऊन सोडेपर्यंत खाली उतरत नसे. त्याला त्यावरून कुणी चिडवले तरी तो रागावत नसे. करवत हातात घेतली की मात्र त्याचा हात केसभरही हलत नसे.

आणि माझे काम? ठोकणे तर होतेच. पण त्याहून मोठे काम होते वाजण्याचे. आबा मला ओंडक्यावर हलकेच आपटत आणि कान देत. भरीव ओंडका मला वर फेकतो, आवाज घंटेसारखा स्वच्छ निघतो. ज्याच्या आत काही बिनसलेले असते, तो ओंडका माझा घाव गिळून टाकतो. बाहेरून लाकूड कसेही दिसो, माझ्यापासून काही लपत नसे. अडचण एकच होती. हातोड्याला कळते, पण बोलता येत नाही. ऐकणारा कान दुसऱ्या कुणाचा तरी असावा लागतो.

एके वर्षी बर्फ वितळून रस्ते मोकळे झाले, तेव्हा वरच्या डोंगरातल्या गावाहून एक बाई आल्या. त्या तिथल्या दवाखान्यातल्या नर्सबाई होत्या. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, आणि त्याही गेल्या हिवाळ्यात कोसळलेल्या बर्फाच्या कड्याखाली चेपल्या गेल्या होत्या. नर्सबाई तेव्हा एका घरी बाळंतपणाला गेल्या होत्या म्हणून वाचल्या. पण मग उरलेली थंडी गावाला दवाखानाच नव्हता. औषधे गोठली. त्यांची जाऊ आजारी पडली, तिला पाठुंगळी घेऊन लोक खाली आणायला निघाले, आणि अर्ध्या वाटेत बर्फाने वाट बंद झाली. ती तिथेच गेली. हे सांगताना नर्सबाई आबांकडे बघत नव्हत्या, समोरच्या ओंडक्याची साल बोटाने खरवडत होत्या.

आबांनी त्यांना चहा दिला आणि विचारले, कसे घर हवे.

"दिसायला कसंही चालेल," नर्सबाई म्हणाल्या. "बर्फाखाली उभं राहील असं द्या. आणि पुढचा बर्फ पडायच्या आत द्या."

एवढ्या वेळात कुणी घर देत नाही. ओल्या ओंडक्याचे घर बांधले तर ते पुढे आकसते, सांधे उघडतात. अंगणात वाळलेले ओंडके होते, भिंतींपुरते होते. पण तेवढ्या लांबीच्या आढ्याला साजेसा वाळलेला ओंडका एकच होता. आबांनी जाऊन त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि होकार दिला.

तो उन्हाळा मी विसरणार नाही. उजाडायच्या सुमारास काम सुरू होई. ताईची रेघ, पैलवानाची करवत, पटाशीने खाच साफ करणारे हात, मग क्रेनच्या दोरावर झुलत येणारा ओंडका, आणि शेवटी मी. भिंत दिवसेंदिवस वर चढत होती. वर बर्फाचे ओझे किती असेल ते नर्सबाईंकडून विचारून घेतले होते, म्हणून आबांनी ओंडके नेहमीपेक्षा जाड निवडले होते. जेवणाच्या सुट्टीत माणसे त्या अर्ध्या घरातच जाऊन बसत. छप्पर नव्हते, तरी सगळे आत शिरताना आपोआप हळू बोलू लागत.

भिंती पूर्ण झाल्या आणि आढे चढवायचा दिवस आला. क्रेन उभी होती, दोर बांधलेले होते. चढवण्याआधी आबा नेहमी आढे टोकापासून टोकापर्यंत वाजवून बघत. त्यांनी मला उचलले. पहिल्या टोकाला मी खणखणीत वाजलो. पुढेही वाजलो. मधोमध आलो आणि मित्रांनो, माझा घाव परत आला नाही. लाकडाने तो आतल्या आत ओढून घेतला. मी गार पडलो. मला कळले होते, पण मी सांगणार कसे?

आबांनी हात थांबवला. पुन्हा वाजवले. कान ओंडक्याजवळ नेला, मान हलवली, परत वाजवले. अलीकडे ते बोलणाऱ्याला दोनदोनदा विचारत, आणि करवतीच्या आवाजाला दोष देत. त्या दिवशी करवत बंद होती. सगळे अंगण शांत होते. त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितले.

"मला नीट ऐकू येईनासं झालंय," ते म्हणाले. "ताई, तू वाजव."

इतक्या वर्षांत आढ्याचा निवाडा दुसऱ्या कुणी केला नव्हता. ताईने मला हातात घेतले. तिने गुडघे टेकले, कान ओंडक्याला लावला आणि मला हलकेच आपटले. मग थोडे पुढे. मग मधोमध. तिथे ती कितीतरी वेळ वाजवत राहिली. शेवटी म्हणाली की आत काहीतरी आहे.

पैलवानाने ओंडक्याला फेरी घातली. कुठे भोक नाही, डाग नाही, चीर नाही. त्याने अगदी मऊ आवाजात सांगितले की इतका देखणा ओंडका त्याने या अंगणात दुसरा पाहिलेला नाही.  सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती. आत बघायचे तर कापावे लागणार, आणि कापले की आढे गेले. दुसरे आढे नाही, आणि वाट बघायला वेळही नाही.

"नक्की आहे?" आबांनी विचारले.

"नक्की नाही," ताई म्हणाली. "पण हे मी कुणाच्या डोक्यावर चढवणार नाही."

"आणि ताई, आतून चांगलं निघालं तर?" पैलवानाने विचारले.

"तर वर जाऊन नर्सबाईंना मीच सांगेन. काप."

पैलवानाने आबांकडे पाहिले. आबांनी ताईकडे बोट दाखवले. मग करवत सुरू झाली.

भुसा उडू लागला. पांढरा, स्वच्छ, गोड वासाचा भुसा. ताईच्या पायांवर तो बर्फासारखा साचत गेला. करवत बोटभर आत गेली, वीतभर गेली, तरी भुसा पांढराच. ताईचा चेहरा उतरला. कुणीतरी मान फिरवून दुसरीकडे बघू लागले. पैलवानाचे ओठ घट्ट मिटलेले होते, पण हात थांबला नाही, कारण ताईने थांब म्हटले नव्हते. आणि मग करवतीचा सूर बदलला. ती एकदम हलकी धावू लागली, आणि कापातून भुशाऐवजी तपकिरी भुकटी गळू लागली, ओलसर, मातीसारखी. ओंडका दोन तुकडे होऊन पडला. त्याच्या गाभ्यात पैलवानाची मूठ जाईल एवढी पोकळी होती. झाड उभे असतानाच कधीतरी ते आतून कुजू लागले होते, आणि वरून मात्र शेवटपर्यंत राजासारखे दिसत राहिले होते.

पैलवानाने करवत खाली ठेवली आणि त्या पोकळीत मूठ घालून बघितली. गावातली माणसे त्या आढ्याखाली झोपली असती. आजारी माणसे, तान्ही मुले.  आबा ताईजवळ आले, तिच्या केसांतला भुसा झटकला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. मी त्या वेळी ताईच्या हातात होतो. तिने मला जमिनीवर टेकवले आणि माझ्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले.

पण पुढे काय? सगळ्यांच्या माना खाली होत्या. एकटे आबा वर बघत होते. आमच्या कारखान्याची शेड अंगणाच्या कडेलाच होती. तिच्याखाली यंत्रे होती, हत्यारे होती, पावसाबर्फात काम चालायचे ते तिथेच. तिचे आढे म्हणजे आबांनी या जागेवर चढवलेला पहिला ओंडका. इतक्या वर्षांत तो धुराने आणि तेलाने काळा पडला होता.

आबा म्हणाले, ते उतरवू.

ताईला आधी वाटले, ऐकण्यात चूक झाली. ते आढे चढले तेव्हा ती आईच्या पाठीला बांधलेली तान्ही पोर होती, आणि आई खालून दोर धरून उभी होती. आई जाऊन आता बरीच वर्षे झाली होती. "आबा, त्याचा दोर आईनं धरला होता," ताई म्हणाली.

"म्हणून तर सरळ बसलं," आबा म्हणाले. "वाळलेलं आहे, लांबीला पुरून उरेल. वाजवून बघ."

ताई शिडीवर चढली आणि तिने मला त्या काळ्या ओंडक्यावर आपटले. मित्रांनो, काय सांगू तुम्हाला. मी असा उसळलो की तिच्या हातून निसटता निसटता राहिलो. तो आवाज शेडभर फिरला, खांबांतून जमिनीत उतरला आणि खाली उभ्या असलेल्या माणसांना तळपायांत जाणवला. आबांनी खांबाला तळवा लावला होता. त्यांनी नुसते डोळे मिटून घेतले.

शेडचे पत्रे उतरले, वासे उतरले. यंत्रे ताडपत्रीखाली गेली. येत्या थंडीत कारखाना बंद राहणार हे सगळ्यांना दिसत होते. ताईने त्या आढ्यावर नव्या रेघा मारल्या, पैलवानाने त्या कापल्या, दवाखाना अंगणात एकदा पूर्ण उभा राहिला आणि मग सुटा होऊन ट्रकवर चढला.

ट्रक पुलापर्यंतच जाऊ शकत होता. पुढे पायवाट होती. आम्ही पुलाशी पोहोचलो तेव्हा पलीकडे सगळे गाव उभे होते. तरुण माणसे होती, म्हातारी होती, शाळेची बाई होती, कमरेत वाकलेली एक आजी होती. त्यांनी ओंडक्यांखाली आडवे दांडे घातले, दांड्यांची टोके खांद्यांवर घेतली आणि चढ चढू लागले. ज्यांना ओंडका झेपत नव्हता त्यांनी फटींत भरायच्या लोकरीच्या पट्ट्या घेतल्या, लाकडी खुंट्या घेतल्या. त्या आजीने ताईकडून खिडकीची कडी मागून घेतली आणि ती ओच्यात बांधून निघाली. एक अख्खे घर माणसांच्या खांद्यांवर बसून डोंगर चढत होते. मी ताईच्या पाठीवर बांधलेला होतो, त्यामुळे मला मागचे सगळे दिसत होते. वळणावळणावर ओंडके, आणि प्रत्येक ओंडक्याखाली पायच पाय.

आबांना चढ झेपणार नव्हता. ते ट्रकपाशी थांबले. निघताना त्यांनी ताईला काही सूचना दिली नाही, फक्त माझा दांडा पक्का बसला आहे ना ते हलवून बघितले.

आढे सगळ्यांत शेवटी निघाले. एका ठिकाणी वाट कड्याला चिकटून अशी काही वळत होती की तेवढा लांब ओंडका वळेचना. तेव्हा मागच्या माणसांनी आपले सगळे वजन मागच्या टोकावर टाकले आणि पुढचे टोक दरीवर, हवेत बाहेर काढले. खाली नदी दोऱ्यासारखी दिसत होती. नर्सबाई पुढे उभ्या राहून एकेका पावलाला आवाज देत होत्या. त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. आढे हळूहळू फिरले, जणू डोंगरानेच जरा अंग चोरून त्याला वाट दिली. पलीकडे पोहोचल्यावर पैलवान कड्याला टेकून रडला. 

वर भिंती उभ्या राहिल्या. आढे चढवायच्या दिवशी ढग खाली उतरून आले. इतके दाट की भिंतीवर उभ्या असलेल्या ताईला खालची माणसे दिसेनात, पलीकडच्या टोकावरचा पैलवानही दिसेना. क्रेन तिथे नव्हती, दोर आणि कप्प्या होत्या आणि गाव होते. ढगातून दोर ओढणाऱ्यांचा एकसुरी हुंकार येत होता, आणि त्या पांढऱ्या धुक्यातून तो काळा ओंडका एकाएकी ताईसमोर उगवला. तो खाचेवर टेकला. ताईने मला उचलले.

पहिला घाव बसला. ओंडका थोडा खाली सरकला. दुसरा बसला. पलीकडून पैलवान त्याच्या टोकाला ठोकत होता, आणि दोघांना एकमेकांचे फक्त आवाज ऐकू येत होते. आवाज बदलत होता, भरत होता. मग एका घावासरशी आढे पूर्ण खाली बसले, आणि मी जो वाजलो तसा आयुष्यात कधी वाजलो नव्हतो. तो आवाज आढ्यातून भिंतींत गेला, प्रत्येक ओंडक्यातून उतरत दगडी पायात गेला. आत उभ्या असलेल्या लोकांनी भिंतींना हात लावलेले होते. ते हात त्यांनी तसेच ठेवले.  मला तर वाटले, डोंगरसुद्धा कान देऊन आहे. मग त्या ढगात कुठेतरी नर्सबाईंचा आवाज आला. त्या हळू आवाजात आपल्या जावेचे नाव घेत होत्या.

छपराच्या शेवटच्या फळ्या बसवल्या तेव्हा बर्फ पडायला लागला होता.

आम्ही खाली पुलाशी आलो तेव्हा आम्हाला न्यायला आलेले आबा ट्रकच्या पायरीवर घोंगडी गुंडाळून बसलेले होते. ताई त्यांच्या शेजारी जाऊन बसली. त्यांनी बाकी काहीच विचारले नाही.

"कसा वाजला?"

ताई त्यांच्या कानाजवळ वाकली आणि मोठ्याने म्हणाली, "तुम्ही आणि आईनं बसवलं होतं, तसाच."

आबांनी मान डोलावली. कितीतरी वेळ ते त्या बर्फाकडे बघत मान डोलावत राहिले.

थंडीभर कारखाना बंद होता. ताडपत्रीवर बर्फ साचे आणि पैलवान रोज येऊन तो झाडून जाई. बर्फ वितळला. मग एके सकाळी पुलाकडच्या रस्त्याने खूप माणसांच्या पावलांचा आवाज आला. ताई बाहेर आली. वरचे सगळे गाव खाली उतरत होते, आणि त्यांच्या खांद्यांवर एक ओंडका होता. त्यांच्या उतारावर वादळाने शेंडा मोडून, उभ्याउभ्या वाळलेले एक पाइनचे झाड होते. साल सोलून, राळ पुसून त्यांनी ते आमच्या शेडसाठी आणले होते. ताईने मला आणले आणि तो ओंडका टोकापासून टोकापर्यंत वाजवला. ती काय सांगते इकडे सगळे गाव श्वास रोखून बघत होते. तिने हसून मान डोलावली, तेव्हा मात्र जो गलका झाला तो आबांनाही ऐकू आला.

त्यानंतरच्या वर्षी आबा गेले. कारखाना वाढला. ओंडके दाबून बसवणारे एक यंत्र आले, नवे कामगार आले. यंत्र चांगले होते, मी त्याला नावे ठेवणार नाही. पण माझी गरज संपली. कुणीतरी मला शेगडीजवळ ठेवले आणि विसरले. एका बाजूने धग, दुसऱ्या बाजूने गारठा. कुऱ्हाडीला जे जमले नव्हते ते त्या शेगडीने केले. माझ्या कपाळावर ही भेग पडली. मी तिथे किती दिवस होतो ठाऊक नाही. लोक माझ्यावर ओले हातमोजे वाळत घालत.

ताईला मी सापडलो तेव्हा ती कुणाला ओरडली नाही. तिने मला उचलले, भेगेवरून अंगठा फिरवला, आणि लोहाराकडे नेऊन हे कडे घालून आणले. मग तेल पाजले. आता मी घाव घालत नाही. पण वर्षातून एकदा ताई मला पाठीवर घेऊन वरच्या दवाखान्यात जाते. लाकडाचे घर बांधून संपत नाही, मित्रांनो. ते वर्षानुवर्षे हळूहळू खाली बसत राहते. खांबांची उंची कमी करायला त्यांच्याखालचे स्क्रूचे जॅक थोडे थोडे उतरवावे लागतात, ओंडक्यांच्या टोकांना तेल द्यावे लागते, एकेक भिंत वाजवून बघावी लागते. ताईचे केस आता आबांसारखेच पांढरे झाले आहेत. नर्सबाई कंदील धरून तिच्यामागून फिरतात, आणि ताईला एखाद्या ठिकाणी शंका आली की दोघी मिळून भिंतीला कान लावतात.

तुम्हाला एवढेच सांगायचे आहे. लाकडाची वस्तू शेगडीजवळ ठेवू नका, ओलीत टाकू नका, अधूनमधून तेलाचा हात फिरवा. ती तुमच्या नातवंडांना पुरेल. आणि तुमच्या घरातले कुणी जुने माणूस कधी म्हणाले, की मला नीट ऐकू येईनासं झालंय, तर हसू नका. त्याच्याजवळ बसा. त्याच्यासाठी तुम्ही कान द्या, आणि जे ऐकू येईल ते खरे खरे सांगा.